उपयोगिता प्रमाणपत्र

पणजीहून निघालेलं परिपत्रक
वाळपईत दोन शिक्के खाऊन
माझ्या टेबलावर आलं, तेव्हा
वायंगणमळची शाळा बंद होऊन
अकरा दिवस झाले होते.

लगतची शाळा सामावून घेणाऱ्या शाळेस
दर मुलामागे अमुक रुपये, तीन वर्षं.

सामावून घेणे.
आमच्याकडे चवथीला पाहुणे सामावतात,
ओसरीवर, दाटीवाटीनं,
आणि पाचव्या दिवशी आपापल्या घरी जातात.

सात मुलं आली.
सहा चालत. सातवी, रुक्मा झोरे, बापाच्या खांद्यावर,
कारण साकवाची मधली फळी वाहून गेली होती.
मागून कुष्ठा गावस सर, स्कूटरवर,
बावीस वर्षांची शाळा पायांत ठेवून:
एक ट्रंक, हजेरीपट,
भारताचा नकाशा, ज्यात गोव्याच्या जागी
बोटं लागून लागून पांढरं भोक पडलेलं,
आणि घंटा म्हणून
खाणीच्या ट्रकचा तुटका पाटा.

"डेडस्टॉकला नाही हा," सर म्हणाले,
"सही नको."
मग थोडा वेळ उगाच थांबले.
त्यांची बदली केप्याला झाली होती.

खरं सांगते, यादीत पुढचं नाव आमचं होतं.
अकरा मुलं, दोन खोल्या, मी.
अकरा आणि सात अठरा:
ही बेरीज मी त्यांची नावं विचारायच्या आधीच
करून ठेवली होती.

पैसे आले. वेळेवर आले,
याचंच नवल वाटलं.
बचत गटाच्या सुमतीला दुसरं टोप घेतलं,
साखळीच्या सुताराकडून चार बाकं,
कायतानची रिक्षा महिन्याच्या बोलीवर.
सातही जण एकाच बाकाभोवती बसत,
नवं बाक रिकामं ठेवून.
एकदा आमची घंटा सापडेना
म्हणून मी तो पाटा वाजवला.
सात जण ताडकन उठून डबे घेऊन बाहेर.
अकरा जण माझ्याकडे बघत बसून.

पालकसभेला रुक्माची आई आली.
बाकाच्या सनमायकावरून हात फिरवला,
वर बघितलं, कौलं बघितली,
एकही गळत नव्हतं.
मग हळूच, भांडण नसल्यासारखं, म्हणाली:
"बाये, हे पैशे पयली खंय आशिल्ले?"

ट्रंकेत सरांचे अर्ज आहेत.
पाच. कार्बनच्या प्रती.
विषय: छप्पर दुरुस्तीबाबत.
विषय: छप्पर दुरुस्तीबाबत, स्मरणपत्र.
शेवटच्यात त्यांनी विषय लिहिलेलाच नाही,
थेट सुरुवात: काल दुसरीचा वर्ग
आम्ही चिंचेखाली घेतला.
पाचांच्या समासात तेच तीन शब्द,
निधी उपलब्ध नाही,
दर वेळी वेगळ्या शाईत.

मी तिला चहा दिला.
साखर जास्त पडली.

आता मार्च. प्रमाणपत्र पाठवायचंय.
रकाना चार: निधी ज्या कारणासाठी मिळाला
त्याच कारणासाठी वापरला काय?
टोपाची पावती आहे, बाकांची आहे.
कायतान पावती देत नाही,
वहीच्या पानावर अंगठ्याएवढी सही देतो,
तीही जोडली.
साकवाची फळी यात बसत नाही.
ती बापानंच बसवली,
एका रविवारी, स्वतःच्या फणसाची.

रुक्मा पहिलीत आहे.
काल मणी घेऊन बसली होती माझ्या पायाशी,
वजाबाकीपाशी अडून.
चारातून तीन गेले,
तिला अजून जमत नाही.

मला जमतं.
मी "होय"वर खूण केली,
शिक्का मारला, जरा तिरका बसला.
बाहेर कायतान हॉर्न वाजवतोय.